सोळा पोरं आणि लॉइड बायर्ड

कोच हॉरेस मॅबरी कथरिजला आले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी शाळेत जायला लागलो तोवर त्यांना विचारल्याशिवाय आमच्या भागात पान हलत नव्हतं. आमचा भाग म्हणजे रेल्वेच्या रुळांच्या अलीकडचा. पलीकडे गोरे राहायचे. त्यांची शाळा वेगळी, आमची वेगळी, डॉक्टरच्या दवाखान्यात शिरायची दारंही वेगळी. जॉर्जियाच्या त्या कोपऱ्यात भुईमुगाशिवाय फारसं काही पिकत नसे, आणि आमच्या लोकांकडे तो पिकवायलाही जमीन नव्हती. आमची माणसं भुईमूग फोडायच्या कारखान्यात राबायची आणि घरी येताना केसांत टरफलांचा भुसा घेऊन यायची.

कोच सकाळी शाळेची बस चालवायचे, दिवसा जीवशास्त्र शिकवायचे आणि तीन वाजल्यानंतर फुटबॉल, म्हणजे आमच्याकडचा, चेंडू हातात घेऊन पळायचा तो. आमच्या रीव्हज हायस्कूलच्या मैदानावर गवत कमी आणि गोखरूच जास्त. सरावाच्या आधी आम्ही सगळे रांगेनं वाकून काटे वेचायचो, आणि कोचही आमच्यात वाकलेले असायचे. गोऱ्यांच्या शाळेनं टाकून दिलेली हेल्मेटं आमच्याकडे यायची. मिसेस मॅबरी त्यांना आतून नवं अस्तर शिवून द्यायच्या. त्या हेल्मेटांवर आम्ही राज्यातल्या काळ्यांच्या शाळांमध्ये सहा वेळा पहिले आलो.

पण लोक त्यांना मानायचे ते काही नुसत्या खेळामुळं नाही. एकोणीसशे पासष्ट साली ते दर शनिवारी शाळेची बस काढून म्हाताऱ्याकोताऱ्यांना मतदार यादीत नाव घालायला कोर्टाच्या इमारतीत घेऊन जायचे. एका शुक्रवारी कोणीतरी त्यांच्या घराच्या काचा फोडल्या. शनिवारी खिडक्यांना पुठ्ठे लावून ते बस घेऊन निघाले. कुणाच्या पोराला शेरीफनं धरून नेलं की आई आधी कोचच्या दारात जायची, पाद्रीकडे नंतर. माझे वडील एकदा दोन महिने दारूत बुडाले होते, कामावर जात नव्हते. कोच येऊन आमच्या ओसरीवर बसले. दारूचा विषय नाही. तासभर मासे पकडण्याच्या गप्पा मारल्या आणि उठताना म्हणाले, "उद्या सहाला मी बस घेऊन इकडूनच जाणार आहे. तुम्हाला कारखान्याच्या फाटकापाशी सोडतो." सात आठवडे रोज सोडलं. आठव्या आठवड्यात वडील आपणहून चालत गेले.

लॉइड बायर्ड आमचा क्वार्टरबॅक. खेळात चेंडू आधी त्याच्या हाती यायचा, आणि तो फेकायचा, की कुणाला द्यायचा, की स्वतःच घेऊन पळायचं, हे तो ठरवायचा. मी सेंटर. वाकून दोन पायांमधून चेंडू मागं त्याच्या हातात देणं हे माझं काम. तीन वर्षं रोज शंभर वेळा दिला असेल. त्याचे हात डोळे मिटूनही ओळखले असते मी. त्याचे वडील वारले त्या वर्षी लॉइडनं शाळा सोडून कारखान्यात काम केलं होतं, म्हणून तो आमच्याहून एक वर्षानं मोठा. कोचच्या चालण्याची तो फार छान नक्कल करायचा, एक खांदा खाली टाकून. कोचना ते माहीत होतं. एकदा ते मागं उभे असतानाच त्यानं केली. कोच म्हणाले, "उजवा खांदा, बायर्ड. डावा नाही." आणि पुढं निघून गेले.

सत्तर सालच्या वसंतात कोर्टाचा हुकूम आला की काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एक करा. एक करायच्या म्हणजे आमची बंद करायची, हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं. आमच्या शाळेच्या एकाही शिक्षकाला कोणी विचारलं नव्हतं. पलीकडच्या शाळेचा कोच डेल हचिन्स मुख्य कोच राहणार आणि आमचे कोच त्याचे मदतनीस.

चर्चमध्ये सभा भरली. आमॉस टिडवेल न्हाव्याला कधीच दम धरवत नसे. तो उठून म्हणाला, "कोच, तुम्ही सहा वेळा राज्यात पहिले आलात. आणि आता त्या हचिन्सच्या हाताखाली? त्याच्या ओठावरचं दूध अजून वाळलेलं नाही."

"एकोणतीस वर्षांचा आहे तो," कोच म्हणाले.

"तेच तर म्हणतोय मी."

लोक हसले. कोचही थोडे हसले. मग आमॉस म्हणाला, "जाऊ नका तुम्ही. आपल्या पोरांनाही पाठवू नका. बघू दे त्यांना, आपल्या पोरांशिवाय काय जिंकतात ते."

"आणि पोरांनी वर्षभर काय करायचं, आमॉस? तुझ्या दुकानात बसून केस झाडायचे?" कोच म्हणाले. "शाळा आता एकच आहे. ती त्यांची आहे असं ते समजतात. आपण गेलो नाही तर ती त्यांचीच राहील. माझ्याविषयी म्हणाल तर मला कुठल्या खुर्चीत बसवतात याची काळजी तुम्ही करू नका."

सभा बराच वेळ तशीच चुळबुळत राहिली. मग लॉइडची आई, मिस व्हर्डी, उठली. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानानं नावाआधी मिस म्हणायचे. ती गोऱ्या डॉक्टरच्या घरी स्वयंपाक करायची आणि सभेत कधी तोंड उघडायची नाही.

"माझ्या लॉइडचं हे शेवटचं वर्ष आहे," ती म्हणाली. "तुम्ही तिथं आत असाल का, कोच?"

"मी आत असेन, मिस व्हर्डी."

"मग पाठवते. पण मी त्या लोकांवर भरवसा टाकत नाहीये. तुमच्यावर टाकतेय."

ऑगस्टमध्ये आम्ही सतराजण पलीकडच्या मैदानावर सरावाला गेलो. तिथं मऊ हिरवं गवत होतं आणि पाणी मारायला नळ. पहिल्याच दिवशी हचिन्सनं कोचना सगळ्यांसमोर सांगितलं, "हॉरेस, तू टॉवेल आणि हेल्मेटांचं बघ. आणि तुझ्या पोरांना जरा धाकात ठेव, म्हणजे झालं." कोच "बरं" म्हणाले आणि सामानाच्या खोलीत गेले. सेहेचाळीस वर्षांचा माणूस. तिथं कपडे धुवायचं यंत्र होतं, ते दिवसभर घरघरत असायचं. आम्ही मैदानावरून बघायचो तेव्हा दारात त्यांची पाठ दिसायची.

लॉइडला चेंडूपासून दूर, कडेच्या जागेवर टाकलं. क्वार्टरबॅक झाला केनी स्टॉलवर्थ, गाड्या विकणाऱ्या स्टॉलवर्थचा मुलगा. केनी वाईट नव्हता, पण त्याचा हात लॉइडसारखा नव्हता, हे केनीलाही कळत होतं. काळ्या पोराच्या पायांत वेग असतो पण डोक्याचं काम त्याला जमत नाही, असं हचिन्स गोऱ्या पोरांच्या बापांना सांगायचा आणि ते आमच्यापर्यंत पोचायचं. आम्ही कोचकडे तक्रार घेऊन जायचो. ते ऐकून घ्यायचे. "अजून थोडं," म्हणायचे. "मे महिन्यात तुमच्या हातात सर्टिफिकेट आलं, की मग ह्या मैदानाकडे वळूनही बघू नका."

लॉइड सप्टेंबरभर गप्प राहिला. नक्कल करणंही त्यानं सोडलं होतं.

ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी हचिन्सनं त्याला पाण्याच्या बादल्या आणायला मागं पाठवलं. तो परत आला तेव्हा हातात बादली नव्हती, रीव्हजचा एक चषक होता, एकसष्ट सालचा. शाळेच्या मागं कचऱ्याच्या ढिगात सहाही पडले होते. चषकाचा एक कान तुटला होता. लॉइडनं तो हचिन्सच्या पायांपाशी गवतावर ठेवला.

"हे काय आहे?" हचिन्स म्हणाला.

"तेच तुम्हाला विचारायचंय."

"जिथून आणलंस तिथं टाकून ये आणि मैदानाला दहा फेऱ्या मार."

"नाही," लॉइड म्हणाला.

हचिन्सनं त्याच्या हेल्मेटची पुढची जाळी धरली आणि मान हिसडून त्याला खाली ओढायला लागला. लॉइडनं त्याचा हात झटकला. हचिन्सचा तोल गेला आणि तो बसकन खाली पडला. त्याला काही लागलं नाही. मी हेल्मेट काढलं. कोणी सांगितलं नव्हतं. शेजारच्यानंही काढलं. आम्ही सगळे काळे खेळाडू लॉइडच्या मागं मैदानाबाहेर चालू लागलो. कोच सामानाच्या खोलीतून टॉवेल घेऊन धावत बाहेर आले तोवर आम्ही फाटकापाशी पोचलो होतो. त्यांनी आम्हाला थांबवलं नाही. गवतावरून चषक उचलला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि तिथंच उभे राहिले.

दोन दिवसांनी शाळांचे प्रमुख अधिकारी मिस्टर क्रेन यांनी कोचना बोलावलं. तिथं काय झालं ते मला पुष्कळ वर्षांनी मिसेस मॅबरींनी सांगितलं. क्रेननं त्यांना बसायला सांगितलं नाही.

"हॉरेस, सोमवारी सोळा पोरं गणवेशात मैदानावर दिसली तर झालं-गेलं विसरू. नाही तर सगळ्यांची नावं शाळेतून काढणार. आणि अठराच्या पुढचा मुलगा शाळेत नसला की सैन्याच्या सक्तीच्या भरतीच्या मंडळाला कळवावं लागतं, हे तुला माहीत आहे. मंडळावर माझा मेहुणाच आहे."

"सतरा पोरं आहेत, सर."

"सोळा. बायर्डनं शिक्षकावर हात उचलला."

"त्याची जाळी आधी धरली होती."

"दोन आठवड्यांनी शाळांच्या बोर्डाची बैठक आहे. त्याचं तेव्हा बघू."

"बघू म्हणजे काय, सर?"

"बघू म्हणजे बघू, हॉरेस."

त्या वर्षी आमच्या छोट्याशा भागातून चार पोरं व्हिएतनामच्या लढाईला गेली होती. एक पेटीतून परत आला होता. कोचच्या शाळेतलाच. त्याची पेटी उचलायला कोच होते. घरी आल्यावर ते स्वयंपाकघरात बसले आणि एका कागदावर आमची वयं लिहून काढली. लॉइड सोडून सहाजण अठराचे होते आणि नाताळपर्यंत आणखी चारजण होणार होते. मी त्या चारांतला. लॉइड एकोणीस वर्षांचा होता, आणि जुलैमध्ये सैन्यात कुणाला आधी बोलवायचं हे ठरवायला सरकारनं जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढल्या तेव्हा त्याची तारीख अगदी वरच्या तीस-बत्तिसात निघाली होती. तो शाळेत होता म्हणूनच बोलावणं थांबलं होतं.

शनिवारी कोच दारोदार फिरले. आमच्याकडे दुपारी आले. वडिलांनी खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"थर्मन, सोमवारी सरावाला जायचं," ते मला म्हणाले.

"लॉइड येणार?"

त्यांनी दाराच्या चौकटीकडे बघितलं. "बोर्ड बघतंय. दोन आठवडे."

"म्हणजे दोन आठवड्यांनी येणार."

"दोन आठवडे, थर्मन," ते परत म्हणाले.

मी हो ऐकलं. मला हो ऐकायचं होतं म्हणून. शेवटचं वर्ष होतं, मलाही भीती होती. असंच त्यांनी सोळा घरांत सांगितलं आणि सोळाही पोरांनी माझ्यासारखंच ऐकलं. संध्याकाळी ते दाढी करायला आमॉसच्या दुकानात गेले. तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. आमॉस म्हणाला, "आज जागा नाही, कोच." कोच टोपी घालून घरी गेले. लोक त्यांना मागून काय काय म्हणत होते. गोऱ्यांचा गडी, हा त्यातला त्यात सौम्य शब्द.

सोमवारी आम्ही परतलो. केनी स्टॉलवर्थनं माझ्याशी हात मिळवायला हात पुढं केला, मी मिळवला. लॉइड फाटकाबाहेर सायकल धरून उभा होता. आम्हाला बघून त्यानं हात हलवला आणि ओरडून म्हणाला, "थर्मन, केनीला चेंडू जरा हळू दे, बोटं मोडतील त्याची." मग कारखान्याकडे निघून गेला. तिथं त्याला काम मिळालं होतं.

बोर्डाच्या बैठकीला कोच एकटेच गेले. तीन तास मागं बसले. लॉइडचं नाव विषयांच्या यादीतच नव्हतं. शेवटी ते उभे राहिले आणि "बायर्ड" एवढंच म्हणाले, तर अध्यक्ष म्हणाले की यादीत नसलेला विषय घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मिस व्हर्डीच्या घरी आले. मी तिथंच होतो. लॉइड आणि मी ओसरीची मोडकी पायरी दुरुस्त करत होतो. मिस व्हर्डी मांडीवर पातेलं घेऊन पावट्याच्या शेंगा सोलत होती.

कोचनी टोपी काढली. "लॉइडचं काही झालं नाही, मिस व्हर्डी. ते घेणार नाहीत त्याला परत."

तिचे हात थांबले नाहीत. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला आशा होती."

"मी ते विचारलं नाही."

"ठाऊक होतं," ते म्हणाले.

"पोरांना सांगितलंत?"

"नाही."

"सांगितलं असतंत तर ती परत गेली नसती."

"नसती गेली."

मी हातातला हातोडा खाली ठेवला. कोचनी माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं.

"तुम्ही सोळा आयांना त्यांची पोरं दिलीत," मिस व्हर्डी म्हणाली. "माझं काढून दिलंत."

"आई," लॉइड म्हणाला, "अजून बोलावणं आलेलं नाही. तू लगेच पेटीचं माप घ्यायला लागलीस." ती हसली नाही. मग तो कोचकडे वळला. आवाज चढवला नाही त्यानं. "कोच, तुम्ही मला विचारायला हवं होतं. मीच त्यांना जा म्हणालो असतो. एकेकाच्या घरी जाऊन सांगितलं असतं. तेवढं तरी माझ्या हातात ठेवायचं होतं तुम्ही."

मिस व्हर्डी म्हणाली, "आता जा तुम्ही." ते गेले. लॉइडनं माझ्या हातात हातोडा दिला आणि म्हणाला, "खिळा वाकडा बसलाय तुझा." आम्ही पायरी पुरी केली. पुढच्या आठवड्यात मी मैदान सोडलं नाही. मला ते जमलं नाही.

हंगाम संपेपर्यंत कोच टॉवेल धूत राहिले. मी आत असेन, असं म्हणाले होते, ते त्यांनी पाळलं. बाकी वेळात ते लॉइडसाठी धावत होते. अटलांटाच्या वकिलांकडे दोनदा जाऊन आले. ओळखीच्या कॉलेजांतल्या सगळ्या कोचना पत्रं लिहिली. ऑल्बनीला मोठ्या माणसांच्या शाळेत लॉइडचं नाव घातलं आणि स्वतःच्या गाडीनं रोज नेतो म्हणाले. लॉइड सहा वेळा त्यांच्याबरोबर गेला. रस्ताभर दोघं काय बोलायचे, बोलायचे की नाही, कुणाला ठाऊक नाही. जानेवारीत सरकारी लिफाफा आला.

फेब्रुवारीत तो बसनं गेला तेव्हा आम्ही बरेच जण स्टँडवर होतो. कोच रस्त्याच्या पलीकडे, पेट्रोल पंपापाशी उभे होते. लॉइडनं त्यांना बघितलं. तो रस्ता ओलांडून गेला, त्यांच्याशी हात मिळवला आणि परत आला. मिस व्हर्डीनं तोंड फिरवलं होतं.

त्याच वर्षीचा नोव्हेंबरमधला तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी तेव्हा नुकताच पोस्टात लागलो होतो आणि पिशवी घेऊन त्याच गल्लीत होतो. आमच्या भागात तेव्हा रस्त्यांना नावं नव्हती, घरांना नंबर नव्हते. सैन्याची हिरवी गाडी आली आणि पहिल्या नीटनेटक्या घरापाशी थांबली. ते मॅबरींचं घर. कोच अंगणातली पानं गोळा करत होते. गणवेशातला एक तरुण अधिकारी उतरला, टोपी काखेत धरून त्यांना म्हणाला, "सर, मिसेस व्हर्डी बायर्ड कुठं राहतात?"

कोचनी पानांचं दाताळं झाडाला टेकवून ठेवलं. मला वाटलं ते हात करून वाट दाखवतील. तिसरी गल्ली, चर्चच्या मागं, एवढंच तर सांगायचं होतं. पण ते म्हणाले, "सापडायचं नाही तुम्हाला. मी येतो." आणि गाडीत बसले. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्याच होत्या. ती गाडी सगळ्या भागातून हळूहळू गेली. ओसऱ्यांवर बायका उठून उभ्या राहिल्या. गाडी मिस व्हर्डीच्या दारात थांबली आणि आतून आधी कोच उतरले, मग तो अधिकारी. ती दारात आली. अधिकाऱ्याकडे तिनं बघितलंच नाही. कोचकडे बघितलं आणि तिथंच खाली बसली.

तिला उचलायला ते पुढं झाले. तिनं त्यांना दोन्ही हातांनी मारलं, छातीवर, तोंडावर. ते हलले नाहीत. तो अधिकारी बावीस-तेवीसचा असेल. तो नुसता बघत राहिला. शेवटी शेजारणी आल्या आणि तिला आत घेऊन गेल्या.

लॉइडची पेटी आम्ही आठजणांनी उचलली. मिस व्हर्डीनं सांगून ठेवलं होतं की मॅबरी आत यायचे नाहीत. ते कबरस्तानाच्या तारेबाहेर हातात टोपी घेऊन उभे होते, पाद्रीची प्रार्थना संपली तरी, माती टाकून झाली तरी. आम्ही बाहेर पडलो तेव्हा आमॉस न्हावी त्यांच्यापाशी थांबला. त्यांचा दंड धरून त्यांना घराकडे घेऊन गेला.

त्यानंतर कोच फुटबॉलच्या मैदानात कधी गेले नाहीत. जीवशास्त्र शिकवत राहिले. शुक्रवारी संध्याकाळी मैदानावरचे दिवे लागायच्या आधी ते मिसेस मॅबरींना गाडीत घालून कुठंतरी जायचे आणि सामना संपल्यावर यायचे. पण लोकांची कामं त्यांनी सोडली नाहीत. उलट आणखी अंगावर घेतली, जसं काही कुणी त्यांना जुंपलंय. शहात्तर साली ते काउंटीच्या कमिशनवर, म्हणजे जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या मंडळावर, निवडून आले. आमच्यातला पहिलाच माणूस. नळाचं पाणी आणलं, रस्ते डांबरी केले, रस्त्यांना नावं दिली. मिस व्हर्डीच्या गल्लीला लॉइडचं नाव द्यायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी पाद्रीकडून विचारलं. ती म्हणाली, "रोज पाटीवर वाचायचं का मी ते?" म्हणून त्या गल्लीला ओक स्ट्रीट म्हणतात.

ती चर्चमध्ये त्यांच्या पुढं दोन बाकं सोडून बसायची. बावीस वर्षं त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. मी एकदा तिच्या दारात टपाल देताना विचारलं, "मिस व्हर्डी, मत कुणाला दिलंत?"

"मॅबरीला."

मी बघतच राहिलो.

"रस्ता हवा होता," ती म्हणाली.

आम्हा सोळांचं म्हणाल तर सगळे शाळा पास झालो. दोघांना नंतर भरतीची पत्रं आलीच. एक गेला आणि पाय गमावून आला, दुसऱ्याला परत पाठवलं. एक डॉक्टर झाला. एक दारूनं मेला. मी पोस्टातून निवृत्त झालो. कोच आम्हा प्रत्येकाच्या लग्नाला आले. आमच्यापैकी कुणीही त्यांना कधी काही बोललं नाही, आणि मला आता वाटतं, बोललो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं.

शेवटच्या दोन वर्षांत साखरेच्या आजारानं त्यांचा एक पाय गुडघ्यापासून काढावा लागला. ते ओसरीवर चाकाच्या खुर्चीत बसलेले असायचे. मी टपाल टाकायला जायचो तेव्हा पाच मिनिटं थांबायचो. एका दिवशी, का कुणास ठाऊक, मी विचारून टाकलं.

"कोच, परत तशी वेळ आली तर काय कराल?"

कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. 

"आधी लॉइडकडे जाईन," ते म्हणाले. "त्याला विचारीन."

"तो हो म्हणाला असता. त्यानं सांगितलं होतं तसं."

"मला तेव्हाच माहीत होतं तो हो म्हणेल. म्हणूनच नाही विचारलं." त्यांनी मांडीवरची चादर नीट केली. "एकोणीस वर्षांचं पोर माझ्या डोळ्यांत बघून म्हणालं असतं, जाऊ दे मला, कोच. ते मला ऐकायचं नव्हतं. त्या दोन आठवड्यांमागं लपलो मी. म्हटलं, काहीतरी होईल बोर्डात. काही होणार नव्हतं." मग म्हणाले, "उशीर होतोय तुला. पुढची घरं वाट बघत असतील."

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये ते गेले. शाळेच्या मैदानाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं, तसं पत्रही आलं. मिसेस मॅबरींनी ते परत पाठवलं. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. प्रत्येक जण काही ना काही शिजवून आणत होता, टेबलावर जागा उरली नव्हती. दुपारी मिस व्हर्डी आली. ऐंशीच्या घरात होती, काठी टेकत, आमच्या रस्त्यावरून एकटीच चालत. ती सरळ मिसेस मॅबरींच्या शेजारी जाऊन बसली.

"मी काही बोलायला आले नाही, अर्नेस्टीन," ती म्हणाली.

"नका बोलू. बसा," मिसेस मॅबरी म्हणाल्या.

दोघी तासभर बसल्या. लोक येत होते, जात होते. मग मिस व्हर्डीनं विचारलं, "शेवटी त्रास झाला का त्यांना?"

"झाला. दोन महिने."

मिस व्हर्डीनं मान हलवली. तिला त्यात समाधान वाटलं की दुःख, ते तिच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. काठी खुर्चीला टेकवून ती उठली, स्वयंपाकघरात गेली, खुंटीवरचा ॲप्रन कमरेला बांधला आणि ओट्यावर साठलेल्या ताटल्या घासायला लागली. मी शेजारी उभा राहून पुसत गेलो. तिनं मला एकदाच सांगितलं, खाली ओलं राहतंय, नीट पुस.